रात्री साडेदहाचा खाडा

बसा.

लालबागमधली दहा बाय बाराची खोली. लोखंडी कॉट. कॉटवर पाट, पाटावर लॅपटॉप. डोक्यावर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. दार उघडं आहे. चाळीत दार उघडंच असतं.

एप्रिल चालू आहे. खाली दिवसभर मिरची विकली गेली आहे, आणि तिचा वास अजून जिन्यात आहे.

आत्ता काही करायचं नाही.

पुलावरून एक गाडी जाते. तिचा आवाज येतो, वाढतो, विरतो. मग दुसरी. मोजू नका. येऊ द्या, जाऊ द्या.

श्वास आत घ्या. मिरची घशाला किंचित लागते. श्वास सोडा.

कॉटवर काका बसलेत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. उजव्या हाताचं एक बोट, डाव्या हाताचं एक बोट. दोन बोटांनी ते टाइप करतायत. मंडळाच्या वेबसाइटवर गल्लीतल्या गिरणी कामगारांच्या आठवणी चढवायच्या आहेत. काका स्वतः साचेखात्यात होते.

पडद्यावर एक तारीख उमटते. १८ जानेवारी १९८२.

तिथे बोट थांबतं.

गिरणी संपाचा पहिला दिवस. अडीच लाख माणसं. त्या तारखेनंतर पहिलं वाक्य कुठलं यावं, ते काका शोधतायत. आपण घाई करायची नाही. आपणही थांबू.

उभी रेघ लुकलुकते. दिसते. नाहीशी होते. दिसते.

तिच्याकडे बघत राहा.

आणि मग पडद्यावर एक चौकट उतरते. पुन्हा लॉगिन करा.

काका हात मागे घेतात.

"झालं," ते म्हणतात. "पडला खाडा."

इथेच थांबा. ही चौकट लगेच घालवू नका. पासवर्ड टाकायला बोटं वळवळतील, त्यांना थांबवा. हा क्षण बघायचा आहे.

जबडा आवळलाय का, बघा. खांदे वर गेलेत का, बघा. कुणी दंड धरून बाहेर काढावं तसं काहीतरी पोटात होतं. मन लगेच विचारतं: मी काय केलं?

काकांच्या चेहऱ्यावर तेच आहे. साइट मी बघतो, म्हणून रोज रात्री ते मला हेच विचारतात. "माझं काय चुकतंय रे?"

प्रश्न आहे तसा राहू द्या. उत्तर आत्ता नको.

चौकटीच्या मागे बघा. पान तिथेच आहे, जरा काळवंडलेलं. तारीख दिसते. काकांचे शब्द गेलेले नाहीत. साइट ज्याच्यावर चालते ते वर्डप्रेस लिहिलेलं अधूनमधून आपणहून जपून ठेवतं, आणि त्याहूनही कमी वेळात ब्राउझर स्वतःपाशी एक प्रत ठेवत असतो. काकांना हे पहिल्या दिवशी सांगितलं तेव्हा ते अर्धा पेला पाणी प्यायले.

आता खांदे खाली येऊ द्या.

डोळे मिटा. एक चित्र बघू.

गणपतीतली रात्र. गल्लीच्या तोंडाशी बांबूचं कुंपण, आणि त्यात माणूस जेमतेम शिरेल एवढी फट. फटीत मंडळाचा एक कार्यकर्ता उभा आहे. समोर गर्दी.

या कार्यकर्त्याला एक गोष्ट नाही. स्मरण नाही.

तुम्ही आत जाता. तो तुम्हाला बघतो, सोडतो, आणि विसरतो. चहा घेऊन तुम्ही परत येता. तो तुम्हाला प्रथमच बघतो. दहाव्यांदा येता, दहाव्यांदाही प्रथमच. त्याला राग नाही, लोभ नाही, ओळख नाही.

त्याच्या डोळ्यांकडे बघा. कोरे आहेत. निर्मळ म्हणा हवं तर.

वेब असंच बांधलेलं आहे. एकेक टिचकी म्हणजे एकेक नवं येणं. सर्व्हर उत्तर देतो आणि पाठ फिरवतो. आपण समजतो, मी आत आहे. खरं तर आत कुणीच नसतं. आपण पुन्हा पुन्हा दाराशी येत असतो, आणि दर वेळी आत सोडले जात असतो.

हे जरा मनात घोळवा.

मग आपण आत आहोत असं वाटतं, ते कशामुळे?

छातीवरच्या बिल्ल्यामुळे.

रिबिनीचा, टाचणीने लावलेला बिल्ला. कार्यकर्ता चेहरा विसरतो, बिल्ला वाचतो. ओळख त्याच्या डोक्यात नाही, तुमच्या छातीवर आहे. १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मॉन्टुलीने ब्राउझरसाठी हा बिल्ला केला आणि त्याला कुकी म्हटलं. आपल्याकडे झाला असता तर नानकटाई म्हटलं असतं कुणीतरी.

बिल्ला हातात घ्या. तळहातावर ठेवा. वजन जवळजवळ नाहीच.

त्याच्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात, मध्ये उभ्या रेघा. नाव. वेळ. खूण. शिक्का.

एवढंच. काकांना कुणी बाहेर काढत असेल तर या चारांतलंच काहीतरी बिघडलेलं असणार, नाहीतर बिल्लाच छातीवरून गळून पडत असणार. म्हणून आपण कारण शोधत धावायचं नाही. बिल्ल्याकडे बघत बसायचं.

नाव वाचलंत? मंडळाचं नाव आहे. ठीक. पुढे चला.

वेळ.

बिल्ला कधीपर्यंत चालेल, ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं. वर्डप्रेस साधा बिल्ला दोन दिवसांचा देतं. लॉगिन करताना 'मला लक्षात ठेवा' अशी एक बारीक चौकट असते. तिच्यात खूण केली तर चौदा दिवसांचा.

आणि तुम्ही काम करत राहिलात म्हणून ही मुदत वाढत नाही. आत बसून लिहीत असलात तरी घटका भरते.

एक मात्र बघा. मुदत संपली, पण नेमका त्याच वेळी माणूस काही लिहून पाठवत असेल, तर त्याला एक तास जास्त मिळतो. हातात ओझं असलेल्याला एक तास. ज्या कुणी हे लिहिलं, त्याने कधीतरी बाहेर उभं राहून बघितलेलं असावं.

त्या एका तासापाशी थांबा. श्वास घ्या.

काका 'लक्षात ठेवा'मध्ये खूण करतात. न चुकता करतात. चौदा दिवसांचा बिल्ला जेमतेम एक दिवस टिकतो. म्हणजे मुदत संपत नाहीये.

मग घड्याळ? सर्व्हरचं घड्याळ पुढे गेलं तर मुदत आधीच सरते. दोन सर्व्हर असतील आणि त्यांची घड्याळं जुळत नसतील, तर एक आत घेतो, दुसरा बाहेर काढतो.

या गावाला दोन घड्याळांची सवय होती. १९०६ च्या जानेवारीत भारतीय प्रमाणवेळ आली आणि मुंबईची स्वतःची वेळ एकोणचाळीस मिनिटं मागे राहिली. कापड गिरण्यांतले हजारो कामगार त्या नव्या वेळेविरुद्ध उभे राहिले. एकोणचाळीस मिनिटं आधी उठायचं, ते कुणाच्या सूर्याने? मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत तग धरून होती. जवळजवळ पन्नास वर्षं एकाच शहरात दोन वेळा.

भिंतीवरचं घड्याळ ऐका. टिक. टिक.

सर्व्हरला भिंत नसते. तो १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजत बसलाय, न थकता. मंडळाचा सर्व्हर एकच आहे. त्याचं घड्याळ मी बघितलं. बरोबर आहे.

घड्याळ सोडून द्या.

शिक्का.

आता नाकाने बघायचंय. खालचा वास परत घ्या.

या दिवसांत लालबागला बायका पिशव्या घेऊन येतात. बेडगी, संकेश्वरी, रेशमपट्टी, काश्मिरी. मिरची हातात मोडून बघतात, बी वाजवून बघतात. मग धणे, खसखस, दगडफूल, हळकुंड, तमालपत्र. भाजून घेतात. डंकावर कांडून घेतात. डंक धप धप पडत असतो, आणि रांगेतला प्रत्येक माणूस शिंकत असतो.

दर घरचं माप वेगळं. आजीकडून आलेलं, कागदावर कुठे नाही. डोळे बांधून आमटी चाखवली तरी आपल्या घरचा मसाला जिभेला कळतो. त्यातलं एक चिमूट इकडचं तिकडे झालं तर तो शेजारचा होतो.

शिक्का असाच कांडलेला असतो. नाव, वेळ, खूण, पासवर्डच्या छापेतली चार अक्षरं, आणि मीठ.

मीठच म्हणतात त्याला. वर्डप्रेसच्या एका फाइलमध्ये आठ ओळी असतात. चार किल्ल्या, चार मिठं. वाचून काही अर्थ लागत नाही अशी लांबलचक अक्षरं. बिल्ल्यावर ती कुठेच दिसत नाहीत, पण प्रत्येक शिक्क्यात असतात. जेवणातल्यासारखीच.

कुणी त्या आठ ओळी बदलल्या की त्या क्षणापासून जुना एकही शिक्का जुळत नाही. साइटवरचे सगळे, एकदम, बाहेर. पासवर्ड बदलला तर त्या एकाच नावाचे बिल्ले बाद. सुरक्षेसाठी बसवलेलं एखादं प्लगइन कधीकधी महिन्या-महिन्याला आपणहून मीठ बदलतं, आणि माणसं आपापल्या घरी बसून स्वतःला दोष देत राहतात.

मी फाइल उघडतो. आठ ओळी बघतो. आदल्या आठवड्यात उतरवून ठेवलेल्या प्रतीशी लावून बघतो. एक अक्षर हललेलं नाही.

आणि पासवर्ड तोच. रोज तोच चालतो.

मीठ बरोबर आहे. एक शिंक येते. येऊ द्या.

आता बिल्ला गळून पडत असेल का, ते भराभर बघून घेऊ, यात रमण्यासारखं काही नाही. चाळीला दोन जिने असतात, रस्त्याकडचा आणि गल्लीकडचा. वेबसाइटलाही दोन पत्ते असू शकतात, आधी तीन डब्ल्यू असलेला आणि नसलेला, आणि एका पत्त्याचा बिल्ला दुसऱ्या पत्त्यावर ब्राउझर दाखवतच नाही. काकांचा पत्ता सुरुवातीपासून एकच आहे. ब्राउझर बंद करताना कुकी पुसायची सोय असते, ती बंद आहे. वेग वाढवणारी साठवण कधी जुनं, लॉगिन नसलेलं पान पुढे करते, पण ती संपादनाच्या पानाला हात लावत नाही. झालं.

परत सावकाश.

उरली खूण.

बिल्ल्यावर एक लांब, अर्थहीन अक्षरमाळ असते. ती या एका लॉगिनपुरती, या एका यंत्रापुरती. आणि तिची छाप सर्व्हरकडच्या नोंदवहीत लिहिलेली असते. २०१४ च्या सप्टेंबरपासून, चौथ्या आवृत्तीपासून, वर्डप्रेस अशी वही ठेवतं. दाराशी बिल्ला आला की वहीत बघायचं. छाप सापडली, आत. वहीतली ओळ खोडलेली असली तर बिल्ल्याची मुदत असो, शिक्का अस्सल असो, माणूस बाहेर.

काका पान उघडून नुसते बसलेले असतात तेव्हाही ते पान गप्प नसतं. थोड्या थोड्या वेळाने सर्व्हरकडे एक बारीक निरोप जातो. मी आहे. अजून आहे ना मी?

याला वर्डप्रेसमध्ये हार्टबीट म्हणतात. ठोका.

हात छातीवर ठेवा. हवं तर.

एक ठोका. मधली जागा. एक ठोका.

असाच एक ठोका जातो, वहीत ओळ सापडत नाही, आणि चौकट खाली उतरते.

म्हणजे कुणीतरी ओळ खोडतंय.

कोण, ते विचारू नका अजून. आधी कधी, ते ऐका.

पहिल्याच दिवशी मी काकांना सांगितलं होतं की बाहेर पडलात की पासवर्ड टाकायच्या आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहा. त्यांनी किराण्याच्या वहीच्या मागे रकाने आखले. वर शीर्षक घातलं, 'खाडे'. गिरणीत न गेलेल्या दिवसाचा शब्द.

वही उघडा. शिसपेन्सिलीचं अक्षर. हळू वाचा.

सोमवार, १०.३८.

मंगळवार, १०.४१.

बुधवार, १०.३६.

गुरुवार, १०.५५. पुढे कंसात, 'पाऊस नाही, लाइट गेली नाही.'

शुक्रवार, १०.४०.

शनिवार, १०.३७.

रविवार, दुपारी ४.१०.

परत वाचा. डोक्याने नको. कुणी हाक मारताना ऐकतो तसं ऐका.

साडेदहा. साडेदहा. साडेदहा. एक दिवस उशीर. मग रविवार, आणि दुपार.

यंत्राला रविवार कळत नाही. रात्री ठरल्या वेळी सफाई करणारं यंत्र रविवारीही रात्रीच सफाई करेल, आणि गुरुवारी पंधरा मिनिटं उशीर करणार नाही. गुरुवारी उशीर कुणाला होतो? ज्याची गाडी चुकते त्याला.

वहीत एक माणूस आहे. त्याची पावलं ऐकू येतात का?

मला ती ऐकू यायला सात दिवस लागले. मी हे काम पोटासाठी करतो, आणि खरं सांगायचं तर काकांना मी पहिल्याच रात्री फोनवर सांगू शकलो असतो की ब्राउझरच्या कुकी पुसा आणि पुन्हा लॉगिन करा. तेच सांगतात सगळे. त्याने वही झाली नसती.

आज आपण इथे आहोत, काकांच्या शेजारी, कॉटच्या कडेला. चौकट आत्ताच उतरलीय. १०.३९.

काका वेळ लिहितात. पेन्सिल खाली ठेवतात.

मी माझ्या लॅपटॉपवर होस्टिंगच्या पॅनेलमधून साइटचा डेटाबेस उघडतो. मंडळाच्या नावापुढची नोंदवही. काकांची ओळ त्यात नसणार, हे माहीत आहे. आपण फक्त बघायचं की काय आहे.

एकच ओळ आहे.

लॉगिनची वेळ, १०.३५. कुठून, तर मोबाइलवरून.

काका स्वतःचा फोन उचलून दाखवतात. बटणांचा आहे.

आता बिल्ल्यावरच्या पहिल्या गोष्टीकडे परत या. मघाशी जिच्यावरून आपण पुढे गेलो.

नाव.

मंडळाचं नाव. काकांचं नाही.

त्या नावाने काका लिहितात. त्याच नावाने आणखी कुणीतरी येतं. कार्यकर्त्याला चेहरे कळत नाहीत. त्याच्या लेखी हा एकच माणूस आहे, दोन ठिकाणी असलेला.

श्वास आत. श्वास बाहेर.

काका गॅलरीकडे बघतात. समोरच्या तिसऱ्या खोलीला कुलूप आहे. ते घर बदलापूरला गेलं, गिरण्या गेल्यावर किती घरं तशी गेली. त्या घरातला पोरगा अजून मंडळात आहे. रात्री गाडीतून उतरला की घरी जाऊन मंडळाचे फोटो साइटवर टाकतो. पासवर्ड त्यालाही दिलेला आहे. दिला होता काकांनीच.

काका बटणांच्या फोनवरून नंबर लावतात. आवाज मोठा आहे, आपल्यालाही ऐकू येतं.

"काका? एवढ्या रात्री? बरं आहे ना?"

"बरं आहे रे. जेवलास?"

"आता बसतोय. काय झालं?"

"तू आता मंडळाच्या साइटवर आलेलास?"

"हो. आणि काका, मी तुम्हाला सांगणारच होतो. आपल्या साइटमध्ये रोज कोणीतरी घुसतंय. प्रोफाइलच्या पानावर दिसतं ना, दुसरीकडे कुठेतरी लॉगिन चालू आहे म्हणून. फोन हरवला का, बाहेरच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलं का, असं विचारतं ते. मी रोज बटण दाबतो. बाकी सगळीकडून बाहेर. तुमच्या सगळ्या आठवणी आहेत ना त्यात. कोणी खराब केलं म्हणजे?"

काका काही बोलत नाहीत.

या शांततेत थांबा. भरू नका. पुलावरून एक ट्रक जातो. शेजारी कुणीतरी कुकर उतरवतं. फोनमध्ये बदलापूरच्या पंख्याचा आवाज.

एक पोरगा रोज दमून घरी येतो, आणि जेवायच्या आधी काकांचं लिहिलेलं सांभाळतो. काकांना बाहेर काढून.

"काका? आहात ना?"

"आहे," काका म्हणतात. "तो घुसणारा मीच रे."

आधी फोनमध्ये काहीच नाही. मग पोरगा हसायला लागतो. मग काका. काकांचं हसू खोकल्यात जातं, खोकला मिरचीत.

हसू आलं असेल तर येऊ द्या. खांदे हलू द्या.

मग परत शांत.

दुरुस्ती दोन मिनिटांची आहे. नवा वापरकर्ता जोडायचा, त्याला संपादकाचा हक्क द्यायचा. पोरग्याचं एक नाव, काकांचं एक. एकाने दुसरीकडून बाहेर पडायचं बटण दाबलं तर फक्त त्याचेच बिल्ले जातील. मंडळाच्या नावाचा पासवर्ड बदलून तो कार्यवाहांकडे ठेवायचा.

"नाव काय ठेवू, काका?"

काका विचार करतात. घाई नाही. आपण वाट बघू.

मी सांगतो, नीट ठरवा, एकदा दिलेलं हे नाव वर्डप्रेस पुढे बदलू देत नाही.

"मग गिरणीतला माझा नंबर टाक," काका म्हणतात. "तो मलाही बदलता आलेला नाही."

ते आकडा सांगतात. न आठवता सांगतात, आपण स्वतःचा जन्मदिवस सांगतो तसा. मी टाइप करतो. ते पडद्यावर वाकून एकेक आकडा बोटाने तपासतात.

नवा बिल्ला. चौदा दिवसांचा. ताजा शिक्का. वहीत नवी ओळ.

आता दुसऱ्या दिवसाची रात्र. तीच खोली, तीच कॉट. दार उघडं.

१०.३५.

बघत राहा.

१०.३८. बदलापूरला पोरगा घरी पोचला असेल.

१०.४१. ठोका जातो. ओळ सापडते. ठोका जातो. ओळ सापडते.

१०.५५.

चौकट येत नाही. काकांचं तिकडे लक्षही नाही. 'खाडे' लिहिलेली वही कॉटखाली सरकवलेली आहे.

पडद्यावर तारीख आहे. १८ जानेवारी १९८२. तिच्यापुढे रेघ लुकलुकते.

उजव्या हाताचं एक बोट खाली येतं. मग डाव्या हाताचं.

'त्या दिवशी मी डबा नेला नाही.'

काका पूर्णविराम देतात आणि पुढचं वाक्य शोधतात. आवाज करू नका.